ऐकणाऱ्याची जागा

गेल्या महिन्यात एका व्यापारी स्नेह्यांच्या गृहप्रवेशाला गेलो होतो. दिवाणखान्यात इटालियन संगमरवराची फरशी, एका बाजूला भिंतभर काच आणि समोर छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. यजमानांनी मोठ्या हौसेने भीमसेन जोशींचा एक ख्याल लावला आणि मला विचारले, "साहेब, आता सांगा, मैफलीला जायची गरज काय? गर्दी नाही, पार्किंगची कटकट नाही, मांडी घालून पाय आखडणे नाही." पंगत खोळंबली होती, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. बँकेत असताना कर्जाच्या अर्जाला तोंडी नकार द्यायचा नाही, कारणे लेखी द्यायची, असा शिरस्ता होता. तो पाळून या महिन्याची पाने या उत्तरासाठी खर्ची घालतो.

प्रथम घरच्या ऐकण्याच्या बाजूला जे जमा आहे ते प्रामाणिकपणे जमा धरले पाहिजे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी कर्ण्यासमोर तोंड करून गावे लागे आणि तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. जो गवई एक राग दीड तास मांडायचा, त्याने तो तीन मिनिटांत आवरायचा. जुन्या घरंदाज मंडळींना हा अपमान वाटला असल्यास नवल नाही. परंतु याच तीन मिनिटांच्या तबकडीने काय केले ते पाहा. धारवाडकडच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि तसे गाता यावे म्हणून अकराव्या वर्षी घर सोडले. गुरूच्या शोधात उत्तरेत भटकून तो अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दाराशी कुंदगोळला पोचला. तो मुलगा म्हणजेच भीमसेन. तेव्हा ध्वनिमुद्रण म्हणजे गाण्याचे प्रेत, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. त्या तबकडीत प्राण नसता तर पुढचा भीमसेन घडला नसता.

परंतु हेही ध्यानात घ्यावे की ती तबकडी ऐकून तो मुलगा घरी बसून राहिला नाही.

आता थोडे आमच्या घरचे सांगतो, कारण या विषयातील माझे मत पुस्तकांतून आलेले नाही. सांगलीच्या कापडपेठेत आमच्या वडिलांचे, अण्णांचे, लहानसे दुकान होते. तिन्ही भिंतींना छतापर्यंत ताग्यांच्या फळ्या, खाली पांढरीशुभ्र गादी, दारावर जाड कापडाचा पडदा. गल्ल्याच्या मागे एक मर्फीचा रेडिओ. त्या रेडिओचा आवाज असा गोड आणि नितळ यायचा की शेजारचे दुकानदार म्हणत, "यांचा रेडिओ भारी आहे." रेडिओ भारी नव्हता. भारी होते ते ताग्यांचे कापड. ध्वनी कठीण पृष्ठभागावरून परततो, मऊ वस्तूत मुरतो. काच आणि संगमरवर यांच्या खोलीत एकच स्वर चार बाजूंनी उसळून चार वेळा कानावर येतो आणि तान चिखल तुडवल्यासारखी ऐकू येते. हे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यात भीमसेनजींचा आवाज नेमका असाच फुटत होता. त्यांनी स्पीकरवर जितका खर्च केला त्याच्या शतांशाने जाड सतरंजी, दोन पडदे आणि पुस्तकांचे एक कपाट आणले तर निम्मा दोष जाईल. स्पीकर भिंतीला टेकवलेलेही नसावेत, आणि दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसावे. एवढी माहिती विक्रेत्याने द्यायला हवी होती. असो.

अण्णा संगीत शिकलेले नव्हते. शिक्षण मराठी सातवी. परंतु त्यांचे कान तयार होते, आणि ते तयार केले दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे आकाशवाणी. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊची वेळ. नऊला दुकान वाढवायचे, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि रेडिओपुढे बसायचे. हे घरचे ऐकणे खरे. परंतु त्यात मैफलीचा एक गुण होता. ते थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, चुकले तर चुकले. आणि गल्लीतल्या आणखी तीन-चार खिडक्यांतून तोच स्वर येत असे. सोमवारी दुकानात त्यावर चर्चा व्हायची. मीटरने कापड मोजता मोजता अण्णा आणि एखादे जुने गिऱ्हाईक शनिवारच्या विलंबितावर वाद घालताना मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मिरज. अब्दुल करीम खाँ तेथे राहिले, तेथेच त्यांची कबर आहे. आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होतात. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांचे ते गाव. १९६७ साली, मी दहा वर्षांचा असताना, अण्णा मला प्रथम तेथे घेऊन गेले. दुकान वाढवून शेवटच्या एसटीने मिरज गाठायचे, रात्रभर ऐकायचे आणि पहाटेच्या गाडीने परत येऊन आंघोळ करून दुकान उघडायचे. त्यांचा चौविहाराचा नेम कडक होता. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. मध्यरात्री लोक चहाला उठत, तेव्हा अण्णा जागा धरून बसत आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एक-एक ओळ पुढे सरकत. पहाटेपर्यंत ते हमखास पहिल्या-दुसऱ्या रांगेत पोचलेले असत. नेमाचे फळ असेही मिळते, असे ते गमतीने म्हणत.

त्या रात्रीचे गाणे मला आठवत नाही. मी बहुतेक वेळ त्यांच्या मांडीवर झोपलो होतो. आठवते ते एवढेच की जाग आली तेव्हा अण्णांच्या उजव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ बसले होते, तंबोरे करणारे कारागीर. दोघांची ओळख नव्हती. रात्रभर एक शब्द नाही. परंतु गवई समेवर आला की दोघेही एकाच क्षणी एकमेकांकडे पाहत आणि मान हलवत. मला त्या वयात वाटले, हे दोघे भाऊ आहेत की काय.

व्यापाऱ्यांना रात्रभराच्या या मैफली किती सोयीच्या होत्या, हे आता लक्षात येते. ज्याला नऊपर्यंत गल्ला सोडता येत नाही त्याने गाणे ऐकावे कधी? रात्री दहानंतर. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकांना बंदी झाली. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, एवढेच. नियम योग्य आहे. आजारी माणसांना आणि विद्यार्थ्यांना झोप हवीच. परंतु त्यामुळे मैफली सायंकाळी पाच-सहाला सुरू होऊ लागल्या, आणि दुकानदार त्यातून गळाला. मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेचा ललत हे राग त्यांच्या वेळी ऐकायचे तर आता बव्हंशी घरच्या यंत्राचाच आधार आहे. हीसुद्धा जमेची बाजू, आणि ती लहान नाही.

बँकेत लागल्यावर माझे पहिले मोठे स्वप्न होते घरी स्वतःचे यंत्र असावे. आधी एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर घेतला, मग १९८४ साली चांगला कॅसेट डेक. लाँगप्ले तबकडीने तीन मिनिटांची अडचण दूर केली होती. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे विलंबित ख्याल श्वास घेऊ लागला होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटने तर जणू सगळी मैफलच खिशात आणली. माझ्याकडे हळूहळू चारशेच्या वर कॅसेट जमल्या. त्यांची नोंदवही होती: राग, ताल, कलावंत, कालावधी. ती वही पाहून बदलीवर आलेले एक साहेब म्हणाले होते, "तुमची लॉकरची नोंदवही इतकी नीट असती तर बरे झाले असते."

१९९०मध्ये पुण्याला बदली झाली आणि सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. म्हणजे माझ्यासाठी सुरू झाला. महोत्सव तसा १९५३पासूनचा, गुरूच्या स्मृत्यर्थ भीमसेनजींनीच आरंभलेला. रमणबागेचे पटांगण, डिसेंबरची थंडी, कानाला मफलर, मांडीवर शाल. येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एवढ्या हजारो श्रोत्यांच्या मांडवात आपण गवयाचा गळा ऐकत नाही. त्याच्या गळ्यापासून मायक्रोफोन, मायक्रोफोनपासून ध्वनिवर्धक, असा प्रवास करून आलेला आवाज ऐकतो. शेवटच्या रांगेत बसलेल्याला तंबोऱ्याची जवारी ऐकू येत नाही, हातवारे दिसत नाहीत. माझ्या घरच्या डेकवर तेच गाणे कितीतरी स्वच्छ होते. केवळ ध्वनीचा विचार केला तर मोठ्या मांडवातील मैफल चांगल्या घरच्या यंत्रापुढे अनेकदा हरते. ध्वनीतही जी कशाला हार जात नाही ती मैफल म्हणजे एखाद्या वाड्यात चाळीस-पन्नास माणसांत, ध्वनिवर्धकाशिवाय होणारी. ती आता दुर्मीळ. मिळाली तर सोडू नये.

यंत्रांचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट. सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी सुमारे १४ लाख ११ हजार बिट खर्च होतात. मोबाइलवर पूर्वी सर्रास फिरणाऱ्या साध्या एमपीथ्री गाण्यात १ लाख २८ हजार. अकरा रुपयांचा व्यवहार एका रुपयात. जे वगळले ते कानाला फारसे जाणवणार नाही असे त्यामागचे गणित असते, आणि ते पुष्कळसे बरोबरही आहे. तरी तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी झणकार साधतात, त्या अतिबारीक स्वरांचे तेज अशा मुद्रणात आणि छोट्या स्पीकरवर मलूल होते. ज्याने मिरजेला बसून तंबोरा लागताना ऐकला आहे त्याला हे कळते. ज्याने ऐकला नाही त्याला काही हरवले आहे हेच कळत नाही.

पाश्चात्त्य संगीतात या वादाचा निकाल एका थोर वादकाने स्वतःपुरता लावला होता. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर कार्यक्रम कायमचे सोडले आणि पुढे केवळ ध्वनिमुद्रण केले. तेथे ते शोभते. रचना स्वरलिपीत लिहिलेली असते, आणि ती निर्दोष वठेपर्यंत पुन्हा पुन्हा मुद्रित करता येते. आपल्याकडे बंदिश चार ओळींची, बाकीचे सारे त्या वेळी सुचते. आणि सुचते ते काही अंशी समोरच्यामुळे सुचते. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांच्या कुजबुजीवर संतापत, याच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. लोक त्या तऱ्हेवाईकपणाच्या म्हणून सांगतात. मला वाटते, त्यांना श्रोता हा गाण्यातला वाटेकरी वाटत असे, म्हणूनच राग येई. भिंतीवर कोणी रागावत नाही.

हे सारे मला कळत होते, तरी त्याचा अर्थ समजला तो १९९७ साली. अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. मी तेव्हा पुन्हा सांगलीत होतो. शाखेचे संगणकीकरण चालू होते, घरी यायला रात्रीचे आठ-नऊ होत. अण्णांसाठी मी काय करावे? त्यांच्या खोलीत डेक नेऊन ठेवला. सकाळी निघताना एक कॅसेट लावायची, दुपारी सौभाग्यवती दुसरी लावी, संध्याकाळी तिसरी. कोणत्या दिवशी कोणती, याचा तक्ता मी भिंतीवर लावला होता. येणारे-जाणारे कौतुक करत की मुलगा वडिलांची किती काळजी घेतो. मलाही तसेच वाटत होते.

एका रविवारी खोलीवरून जात होतो. आत मल्लिकार्जुन मन्सूर चालू होते. एक अवघड जागा घेऊन बुवा समेवर आले आणि अण्णांची मान हलली. मग ती मान सावकाश, कष्टाने, उजवीकडे वळली. तिकडे भिंत होती आणि औषधांचे कपाट. ते क्षणभर त्या कपाटाकडे पाहत राहिले आणि पुन्हा छताकडे पाहू लागले. थोड्या वेळाने पुन्हा सम, पुन्हा मान उजवीकडे. मी दारात उभा होतो, हे त्यांना दिसत नव्हते. मला तीस वर्षांपूर्वीचे ते तंबोऱ्याचे कारागीर आठवले.

मी आत गेलो आणि विचारले, "अण्णा, आवाज कमी करू का?" त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड थोपटली. जडावलेल्या जिभेने म्हणाले, "बाळ, बस की जरा इथं. एकट्यानं ऐकून काय करू?"

तीन-चार महिने मी त्यांना गाणे पुरवत होतो, जसे औषध पुरवत होतो. त्यांच्याबरोबर एकदाही ऐकले नव्हते. त्यानंतर भिंतीवरचा तक्ता काढून टाकला. दिवसातून तीन कॅसेटऐवजी एकच, रात्री साडेनऊला. मी त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसे. कधी आई येऊन बसे, कधी शेजारचे एक हळदीचे व्यापारी येत. फोन आला तर कोणी उठायचे नाही, आणि कॅसेट मध्येच थांबवायची नाही, हा नियम अण्णांनीच हाताने खूण करून घालून दिला. हिशेबाने त्यांचे गाणे एक तृतीयांश झाले. तरी पुढचे जवळजवळ वर्षभर, ते जाईपर्यंत, दुपारीच ते घड्याळाकडे पाहू लागत.

निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो आणि पुन्हा हौसेने यंत्र घेतले. दोन वर्षांपूर्वी नातवाला महोत्सवाला नेले. आता तो मुकुंदनगरच्या मैदानावर होतो, आणि नावात भीमसेनजींचेही नाव आले आहे. गुडघ्यांमुळे आता मी भारतीय बैठकीवर बसत नाही, खुर्चीचे तिकीट काढतो. या महोत्सवाची सांगता कशी होते ते ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. एवढे थोर कलावंत प्रत्यक्ष गाऊन-वाजवून गेल्यावर अगदी शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतील ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. १९५२ साली निवर्तलेल्या गवयाचा खरखरीत मुद्रणातील आवाज, आणि समोर हजारो माणसे निःशब्द. नातू कुजबुजला, "आजोबा, हे तर फोनवर पण आहे." मी म्हणालो, "आहे." त्याने फोन काढला नाही. माझ्या पलीकडे बसलेल्या एका अनोळखी बाईंनी डोळे पुसले आणि आमच्याकडे पाहून मान हलवली. नातवानेही हलवली, का ते त्याला कळले असेल-नसेल.

घरी आल्यावर मी एक बदल केला. स्पीकरांच्या समोर, मोजून ठरवलेल्या जागी, माझी एकच खुर्ची होती. ती काढून तेथे जुना लांब बाक ठेवला, वर गादी घातली. रविवारी रात्री साडेनऊला त्यावर आम्ही तिघे-चौघे बसतो. सूनबाई दुकानाचा दिवसाचा हिशेब आटोपून येतात, त्यांना उशीर झाला तर आम्ही थांबतो. परवा यंत्राच्या देखभालीसाठी आलेल्या तरुणाने बाक पाहिला, फितीने अंतर मोजले आणि नम्रपणे म्हणाला, "काका, इथं मध्ये एकच जण बसला तरच दोन्ही स्पीकरचा आवाज बरोबर जुळतो. बाजूला बसणाऱ्याला एका बाजूचा जास्त येणार." मी म्हटले, येऊ दे. त्याने बाक पुन्हा होता तेथे सरकवला आणि चहा घेऊन गेला.